बिबट्याचे भय आणि मनाला लागणारा दुसरा बाण

पुणे-नाशिक महामार्गाने जाताना नारायणगाव मागे पडले आणि आळेफाटा यायचा राहिला, की मध्ये पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्यावर पोसलेला हा पट्टा. ऊस, टोमॅटो, कांदा अशी पिके. गावठाणात काही घरे आणि बाकीची मळ्यामळ्यांतून, वस्त्यांवर विखुरलेली. परगावच्या माणसाला वाटावे, येथे काय कमी आहे! पण दिवस मावळला की याच हिरव्यागार पट्ट्यात आईचा जीव टांगणीला लागतो. पोरगा शिकवणीहून आला का, म्हातारी सासू एकटीच बाहेर गेली नाही ना, शेळ्यांच्या खोपटाची कडी लागली का, मालक मोटर चालू करायला गेले ते अजून का आले नाहीत, या विचारांतच चुलीवरची भाकरी करपते.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांचा मिळून वन खात्याचा जुन्नर विभाग होतो, आणि या विभागाचे नाव आता बिबट्याशिवाय कोणी घेत नाही. पिंजरे किती लावले, जेरबंद किती झाले, मागण्या काय आहेत, हे दैनिकांतून रोज छापून येते. आम्हाला मात्र या लेखात बिबट्याविषयी थोडे आणि त्याच्या भयाखाली जगणाऱ्या माणसाच्या मनाविषयी अधिक बोलायचे आहे. कारण हे पान कुटुंबाचे आहे आणि कुटुंबात या भयाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती आणि एक वृद्ध माता. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग रोखला गेला, आणि अखेर वन खात्याने एका बिबट्याला गोळी घातली. त्याच दिवसांत पिंपरखेडच्या शेतकरी बाया गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. ती छायाचित्रे देशभर पाहिली गेली. असे पट्टे एरवी धनगराच्या राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात दिसायचे. माणसाने, त्यातही घरच्या लक्ष्मी म्हणवल्या जाणाऱ्या बाईने, पोटासाठी शेतात जाताना ते गळ्यात घालावेत, यावर वेगळा अग्रलेख होईल. आम्ही येथे एवढेच विचारतो, की गळ्याला पट्टा बांधला, पण मनाचे काय?

ज्या घरी असा प्रसंग घडतो तेथे सांत्वनाला गेलेल्यांच्या कानी काय पडते, ते आठवून पाहा.

"म्या त्याला बांधावर बसवलंच कशाला, वहिनी? आईपाशी ठेवला असता तर..."

"अगं, तुझ्या हातात काय होतं? खुरपायला तू जाणार नाहीस तर जाणार कोण?"

"न्हाई, माझंच चुकलं. माझं लक्ष न्हवतं."

वहिनी समजावून थकते, पण आईचे तोंड त्या एका वाक्यावरून हलत नाही. माझे लक्ष नव्हते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की हेच वाक्य दारापुढे जमलेले चार लोकही दबक्या आवाजात बोलत असतात. "आईचं लक्ष कुठं होतं?" बापाचे लक्ष कुठे होते, असे विचारलेले आमच्या तरी ऐकण्यात नाही.

एवढा मोठा घाव ज्या घरावर पडलेला नाही, तेथेही मनाचा हाच खेळ चालतो. शेळी गेली तर कडी लावायची राहिली म्हणून सून स्वतःला कोसते. काहीच घडलेले नसताना, अंधार पडल्यावर घरी आलेल्या पोराला भीतीपोटी दोन धपाटे घातले जातात, आणि मग ते मूल रडत झोपी गेल्यावर आई रात्रभर जागीच असते. भीती बिबट्याची, पण रात्रभर खटला चालतो तो स्वतःवर. वकील आपणच, न्यायाधीशही आपणच, आणि शिक्षा सुनावलेली.

तथागतांनी या अवस्थेचे फार नेमके वर्णन करून ठेवले आहे. संयुत्त निकायात एक सुत्त आहे, बाणाचे. माणसाला एक बाण लागला तर वेदना होणारच. अज्ञानी माणसाला आणि ज्ञानी माणसाला, दोघांनाही होणार. पण अज्ञानी माणूस त्या वेदनेवर शोक, आक्रोश, चडफड यांची भर घालतो, म्हणजे एक बाण लागलेला असतानाच त्याला दुसरा बाण लागतो. पहिल्या बाणाचे दुःख शरीराचे, दुसऱ्याचे मनाचे. पहिला बाण चुकवणे नेहमी आपल्या हाती नसते. दुसऱ्याचे तसे नाही. पिंपळवंडीच्या वस्तीवर उसातून येणारी भीती हा पहिला बाण झाला. "मीच वाईट आई, मीच करंटी" हा दुसरा. तो आपण आपल्याच हाताने ओढून घेतो.

आता कोणी म्हणेल, लक्ष नव्हते हे खरे असेल तर? तेव्हा जरा कारणांकडे पाहू. आपला धम्म कारणांकडे पाहायला शिकवतो. कोणतीही गोष्ट एका कारणाने घडत नाही, अनेक कारणे जुळून येतात तेव्हा ती घडते. देवाचा कोप, पूर्वजन्मीचे पाप, पांढऱ्या पायाची सून असल्या कारणांना आम्ही येथे जागा देणार नाही. (अजूनही एखाद्या घरी अशा वेळी देवऋषी बोलावला जातो, हे कानावर येते तेव्हा मान खाली जाते.)

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. कोरडवाहू बाजरीच्या जागी पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, कारखाना आला. पाणी येऊ नये असे कोण म्हणेल? पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, त्यानंतर खोडवा ठेवला तर तेथे वर्षभर पुन्हा आडोसा. गारवा, पाणी, लपायला जागा आणि वस्तीभोवती हिंडणारी कुत्री, शेळ्या, डुकरे. मादीला पिले घालायला यापेक्षा चांगली जागा कोणती? उसात जन्मलेल्या बछड्याच्या दृष्टीने ऊस हेच जंगल. तोड सुरू झाली की सरीत बछडी सापडतात. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसे आणि वन कर्मचारी ती त्याच जागी रात्री खोक्यात ठेवून आईची वाट पाहतात, आणि पुष्कळदा मादी येऊन त्यांना घेऊनही जाते. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी कॅमेरे लावून पाहिले, तर शेतीच्या मुलखात, माणसांच्या दाट वस्तीत, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

आणखी एक कारण आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास करून २०११ मध्ये जे प्रसिद्ध केले, ते वाचून विचारात पडायला होते. ही मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती; नंतर ती सतरावर गेली. उचलून अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, त्याची घडी विस्कटते, असा त्या अभ्यासाचा रोख आहे. म्हणजे शहाण्या-शिकलेल्या माणसांनी विचारपूर्वक केलेल्या उपायाचेही असे झाले.

या सगळ्यात, बांधावर लेकरू ठेवून खुरपणाऱ्या बाईने काय केले? धरण तिने बांधले नाही, उसाचा भाव तिने ठरवला नाही, बिबटे तिने हलवले नाहीत. शेतीची वीज रात्री यावी, हा निर्णय तिचा नव्हता. लेकरू सोडून जावे अशी पाळणाघराची सोय तिच्या गावात तिला कोणी केली नव्हती. बीड-नगरकडून कोयता घेऊन आलेल्या ऊसतोडणी जोडप्याचे तर विचारूच नका. मुकादमाची उचल फेडायची आहे, फडाच्या कडेला पाचटाची कोपी आहे, पहाटे अंधारात तोडीला जायचे आहे, लहानग्याला झोपवायचे ते तेथेच. आणि अघटित घडले की दोष आईचा! कारणे मोजली तर आईच्या वाट्याला त्यातले किती येते, हे हिशेब करणाऱ्याने प्रामाणिकपणे करून पाहावे. स्वतःवर करुणा करणे म्हणजे काही गोडगोड बोलणे नव्हे. खरा हिशेब मांडून आपल्या वाट्याचे तेवढेच आपल्या पदरात घेणे, उगाच सगळ्या जगाचे ओझे डोक्यावर न घेणे, ही त्याची पहिली पायरी आहे असे आम्हाला वाटते.

येथे पटाचारेची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या कित्येक भगिनींनी ती विहारात ऐकली असेल, पण बिबट्याच्या मुलखात ती पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

श्रावस्तीच्या धनिकाची ही मुलगी. आपल्या मर्जीने लग्न करून दूर गेली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली तर वाटेत वादळ गाठले. आडोसा करायला लाकडे तोडू लागलेला नवरा सर्पदंशाने गेला. त्या रात्री ती बाळंत झाली. सकाळी एक तान्हे आणि एक चालते पोर घेऊन नदीशी आली, तर नदी भरलेली. दोघांना एकदम नेणे शक्य नव्हते. थोरल्याला अलीकडे थांबवले, तान्ह्याला पलीकडे नेऊन पाल्यावर ठेवले आणि थोरल्याला आणायला परत फिरली. ती मध्यावर असताना ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. त्याला हाकलायला तिने हात उंचावून आरडाओरडा केला. अलीकडच्या पोराला वाटले, आई बोलावते आहे, आणि ते पाण्यात उतरले. दोन्ही गेली. पुढे श्रावस्तीला पोहोचते तर रात्रीच्या पावसात घर कोसळून आई, वडील आणि भाऊ एकाच चितेवर. तिला वेड लागले, अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही.

तशाच अवस्थेत ती जेतवनात तथागतांच्या सभेत शिरली. लोक म्हणाले, या वेडीला अडवा. तथागत म्हणाले, येऊ द्या. बंधू-भगिनींनो, तथागतांनी तिला काय विचारले नाही, तेही पाहा. तान्ह्याला एकटे का ठेवलेस, हात कशाला हलवलेस, घर सोडून गेलीसच का, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. बहीण म्हणून तिला हाक मारली आणि भानावर ये, एवढेच सांगितले. सभेतल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. मग त्यांनी तिला धम्म सांगितला. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली आणि लेकरे गमावलेल्या कित्येक बायांना तिने सावरले, असे थेरीगाथेच्या परंपरेवरून दिसते.

आधी उपरणे, मग उपदेश. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सांत्वनाला जातो तेव्हा तो उलटा करतो, आणि स्वतःशी वागताना तर उपरणे विसरूनच जातो.

पिंपळवंडीच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी-खोदकामे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख तेथे आहे. त्यातल्याच एका शिलालेखात त्या काळच्या नगरातील धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यात पटाचारेच्या धम्मभगिनी राहत होत्या. त्यांच्या दारी आसपासच्या दुःखी बाया येऊन बसत असतील, असे मानायला काय हरकत आहे?

आता 'स्वतःवर करुणा' हे शब्द आपल्या लोकांच्या कानाला जरा विचित्र लागतात. आपण त्याग शिकलो, कष्ट शिकलो. रमाईंच्या काबाडकष्टांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या माता-भगिनींना स्वतःसाठी दोन घटका बसणे म्हणजेही चोरी वाटते. म्हणून सांगतो, की ही गोष्ट धम्माबाहेरची नाही. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. याच ग्रंथाच्या संपादनासाठी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. त्यात मैत्री-भावना कशी करावी हे सांगताना आचार्य सुरुवात कोठून करायला सांगतात? शत्रूपासून नाही, मित्रापासून नाही, आधी स्वतःपासून. मला सुख हवे, दुःख नको, तसेच ते इतरांनाही, हे पटण्यासाठी स्वतःचाच दाखला पहिला. राणी मल्लिकेची गोष्टही प्रसिद्ध आहे. राजा प्रसेनजिताने विचारले, तुला स्वतःहून प्रिय कोणी आहे का? ती भाबडेपणाने 'आपण, महाराज' म्हणाली नाही. नाही म्हणाली. राजा ते तथागतांकडे घेऊन गेला, तर त्यांनी राणीला दोष दिला नाही. प्रत्येकाला आपला जीव असाच प्रिय आहे, म्हणून कोणाला दुखवू नये, असा त्याचा अर्थ लावून दिला.

हीच वस्तू आता परदेशी वेष्टनात परत आली आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या विषयावर शास्त्रीय लेखन सुरू केले आणि आपण हे बौद्ध परंपरेतून घेतले, असे त्या मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत: स्वतःशी मायेने बोलणे; हे दुःख माझ्या एकटीचे नाही, माणसाच्या जातीला हे आहेच, असे ओळखणे; आणि जे वाटते आहे ते न दाबता, न फुगवता, आहे तसे पाहणे. मैत्री, दुःखसत्य आणि स्मृती. आपल्याला यात नवे ते काय?

एक शंका मात्र नेहमी येते आणि ती वाजवी आहे. स्वतःला असे सोडून दिले तर माणूस निष्काळजी होणार नाही का? वस्तीवर निष्काळजीपणा परवडत नाही. यावर २०१२ साली अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी प्रयोग करून पाहिला. अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितले. पुढच्या परीक्षेसाठी त्यांनीच जास्त वेळ अभ्यास केला. आमच्या साध्या अनुभवालाही ते पटते. बैलाला पराणी टोचत राहिले तर तो सरळ चालतो की बुजतो? भेदरलेली बाई कडी लावते आणि लावली की नाही म्हणून चार वेळा उठते. शांत मनाची बाई एकदा लावते, हात लावून पाहते आणि झोपते. काळजी दोघींचीही आहे. दुसरीची उपयोगाची आहे.

म्हणून काळजी घ्यायचीच. तिन्हीसांजेनंतर मुलांना उसाच्या कडेला एकटे सोडू नये. बाहेर जाताना दोघे-तिघे मिळून, बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. वाकून किंवा बसून काम करताना पाठीमागे कोणीतरी उभे असावे, कारण उभ्या माणसापेक्षा बुटक्या आकारावर जनावर लवकर येते. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद हवा. उकिरडा वस्तीला लागून नको, तेथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. बिबट्या दिसला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एवढे केले की आपल्या हातचे झाले, असे मनाला बजावून सांगावे. पोरांना मात्र 'झोप, नाहीतर बिबट्या येईल' असे म्हणून झोपवू नये. जे भय आपल्याला झेपत नाही, ते त्या चिमुकल्या मनात का भरायचे?

रात्री कडी लावून झाली, भांडी आवरली, की अंथरुणावर पाच मिनिटे बसावे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तिकडे लक्ष द्यावे. विहारात आनापान शिकलो तेच. मन उसाकडे धावेल, त्याला रागे न भरता परत आणावे. मग छातीवर हात ठेवून स्वतःला कबूल करावे, 'मला भीती वाटते आहे.' भीतीला नाव दिले की ती अंगभर पसरत नाही. आणि त्या दिवशी स्वतःचा फार राग आला असेल, तर एवढेच विचारावे: हेच माझ्या जाऊबाईच्या हातून झाले असते, तर मी तिला काय म्हटले असते? 'वहिनी, दमला होतात, उद्या नीट करू,' हेच ना? मग तेच, त्याच आवाजात, स्वतःला म्हणावे. सुरुवातीला हसू येईल, खोटे वाटेल. दहा-पंधरा दिवस करून पाहावे. पोराला धपाटा घातला असेल तर सकाळी त्याला जवळ घेऊन 'मी घाबरले होते रे' असे सांगावे. स्वतःला शिक्षा करत रात्र काढण्यापेक्षा त्याचा पोराला अधिक उपयोग होईल.

पुरुष वाचकांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याचीही छाती धडधडतेच. पण ते बोलायची आपल्याकडे सोय नाही. त्यात पिकाची धास्ती वेगळी. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, आणि दोन महिन्यांत तोच माल शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला ओतला. ज्याचा तोडा आधी आला तो शहाणा ठरला, ज्याचा नंतर आला तो घरात खालमानेने वावरला. दोघांनी लागवड सारख्याच अकलेने केली होती. बाजाराचा हा फेरा स्वतःच्या अकलेवर घ्यायचा आणि मग तो बाटलीत बुडवायचा, याला स्वतःवर दया करणे म्हणत नाहीत. पाचवे शील त्यासाठीच आहे. त्याऐवजी बायकोजवळ, नाहीतर मित्राजवळ मन मोकळे करावे.

कोणाला हे पुरुषार्थाला कमीपणा आणणारे वाटत असेल, तर त्यांनी बाबासाहेबांचा १९२६ सालचा काळ आठवावा. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला, तेव्हा ते पार खचले. त्यांनी ते लपवले नाही. पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवार या आपल्या स्नेह्यांना पत्र लिहून त्यांनी आपले उद्ध्वस्त झालेले मन उघड केले. तेथे युक्तिवाद नाही, अवसान नाही; बापाचे दुःख आहे. आणि २० मार्च १९२७ रोजी हाच बाप महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंच्या पुढे उभा होता. रडून घेतल्याने त्यांची लढाई थांबली नाही.

याचा अर्थ, मन शांत केले की मागण्या सोडायच्या, असा कोणी काढू नये. शेतीला दिवसा वीज, वस्तीवर दिवे, घरोघरी वापरता येईल असे शौचालय, ऊसतोडणी कामगारांच्या लेकरांसाठी फडाजवळ सुरक्षित जागा, या गोष्टी मागायच्याच, आणि संघटितपणे मागायच्या. उलट, दोष माझाच आहे असे मानणारी बाई ग्रामसभेत तोंड उघडत नाही. खरी कारणे जिला कळली तीच उभी राहून विचारते.

काही घाव मात्र पाच मिनिटांच्या बसण्याने भरणारे नसतात. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, डोळ्यांपुढून तेच दृश्य हलत नाही, जगणे नको वाटते, अशी अवस्था असेल तर तो आजार समजून उपचार घ्यावा. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. घरात ज्याला फोन जमतो त्याने तो लावून द्यावा.

आणि गावच्या महिला मंडळाला, विहाराच्या कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. दुर्घटना घडलेल्या घरी पहिले दहा-बारा दिवस गर्दी असते, पुढारी येतात, फोटो निघतात. त्यानंतर कोणी फिरकत नाही. तेव्हा पाळ्या लावून दोघी-दोघींनी जावे. जाताना प्रश्न नेऊ नयेत, कसे झाले ते पुन्हा वदवून घेऊ नये. भाजी निवडावी, पाणी भरून द्यावे, ती बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तर गप्प बसावे. शक्यतो दिवेलागणीला जावे, कारण वस्तीवर तीच वेळ तिला जड जाते.